राजाश्रयाचा आखाडा : जव्हारचा दसरा आणि खाशाबा जाधव

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर एकमेकांना लागून असलेले जव्हार आणि मोखाडा हे आज पालघर जिल्ह्यातील दोन आदिवासी तालुके असून पाऊस, जंगल, नाचणी-वरईची शेती आणि दिवाळीनंतर कामासाठी होणारे स्थलांतर या बाबतींत त्यांच्यात फरक करणे बाहेरच्या माणसाला कठीण जाते. परंतु १९४८ पूर्वी या दोन प्रदेशांच्या मधून एक राजकीय सीमा जात होती, आणि कुस्तीसारख्या आश्रयावर जगणाऱ्या विद्येच्या इतिहासात त्या सीमेचे महत्त्व डोंगर-नद्यांपेक्षा अधिक होते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते; मोखाडा हा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेठा, म्हणजे तालुक्याच्या पोटातला दुय्यम महसुली विभाग असल्यामुळे थेट इंग्रजी अमलाखाली होता. एकीकडे राजवाडा, दरबार आणि दसरा होता, तर दुसरीकडे कचेरी, जंगलखात्याचा अंमल आणि सारावसुली. पैलवानाला बिदागी देणारा हात सीमेच्या एकाच बाजूला होता.

जव्हारच्या मुकणे घराण्याची सत्ता परंपरेने चौदाव्या शतकापासून मानली जाते. कोळी महादेव जमातीतील जयबा मुकणे याने तेथील वारली अधिपतीकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली आणि ती कबूल होताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा मुलूख वेढला, ही कथा इंग्रजी गॅझेटिअरकारांनीही नोंदवून ठेवली आहे, आणि अशीच कथा कार्थेजच्या राणीविषयी सांगितली जात असल्यामुळे त्यांना तिचे विशेष कौतुक वाटलेले दिसते. जयबाचा मुलगा निमशहा याला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून राजा म्हणून मान्यता मिळाली, त्या वेळी त्याच्या ताब्यात २२ किल्ले आणि ९ लाखांचा मुलूख होता असे सांगितले जाते, आणि त्या प्रसंगापासून सुरू झालेला शक संस्थानाच्या कागदपत्रांत पुढे कित्येक शतके चालत राहिला. मराठ्यांच्या काळात हा मुलूख आक्रसत गेला. इंग्रजी अमलात उरलेल्या संस्थानाचे क्षेत्रफळ ३१० चौरस मैल आणि १९०१ च्या खानेसुमारीतील लोकसंख्या ४७,५३८ एवढीच होती. बडोदे, कोल्हापूर किंवा पतियाळा यांच्या पंक्तीला बसण्याची ऐपत या दरबाराकडे कधीच नव्हती, हे पुढील विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

तरीही दरबार तो दरबारच, आणि त्याचा वर्षातला मुख्य दिवस दसरा. शस्त्रपूजन, पालखी, सीमोल्लंघन आणि आपट्याच्या पानांचे ‘सोने’ राजाला देऊन त्याचा मान राखणे हा विधी मराठी मुलखातील बहुतेक संस्थानांत सारखाच होता. जव्हारचे वेगळेपण असे की सोने द्यायला येणारी प्रजा प्रामुख्याने वारली, कोकणा, कोळी महादेव, ठाकर आणि कातकरी पाड्यांतून येत असे आणि आपल्याबरोबर तारपा, तूर, ढोल ही वाद्ये व त्यांवरचे नाच घेऊन येत असे. या सोहळ्याला जोडून कुस्त्यांचा फड भरे. विजयादशमीला बळाचे प्रदर्शन करणे हे राजधर्माचे अंग मानले गेल्यामुळे कुस्ती ही तेथे करमणूक कमी आणि दरबारी विधी अधिक होती; राजासमोर दोन मल्लांनी सलामी दिली, लढत निकाली झाली आणि राजाच्या हातून फेटा किंवा रोख इनाम मिळाले, म्हणजे राजाने वर्षभरासाठी आपल्या राज्यातील पराक्रमाला साक्ष दिली असा त्याचा अर्थ होता.

अशा फडाची रचना सबंध महाराष्ट्रात जवळपास एकसारखी असते. मध्यभागी ‘हौदा’, म्हणजे तांबडी माती भुसभुशीत करून तयार केलेला खोलगट चौक. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर मिसळतात, कारण अंग घासून खरचटले तरी ते चिघळू नये आणि माती अंगाला चिकटून पकड सुटू नये. सकाळी किंवा दुपारी लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात, मग वयाने आणि वजनाने चढत्या क्रमाने जोड्या जमवल्या जातात, आणि ऊन कलल्यावर शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती होते. जोड ठरवणारे पंच हे बहुधा उतारवयातले वस्ताद असतात. ते दोघांच्या मनगटांकडे, मानेकडे आणि कानांकडे पाहून बरोबरीचा अंदाज बांधतात, कारण वर्षानुवर्षे मातीत घासून चुरगळलेला कान हा पैलवानाच्या मेहनतीचा सर्वांत खरा पुरावा मानला जातो. हलगी कडाडू लागते, दोघे मल्ल माती कपाळाला लावतात, शड्डू ठोकतात आणि ‘खडाखडी’ सुरू होते. खडाखडी म्हणजे उभ्याने एकमेकांच्या मानेवर, मनगटावर हात टाकून बळ अजमावणे. यात कधीकधी दहा-दहा मिनिटे जातात आणि अधीर प्रेक्षक आरडाओरडा करू लागतात, पण जाणकाराच्या दृष्टीने अर्धी कुस्ती तेथेच झालेली असते. प्रतिस्पर्ध्याची पाठ आणि दोन्ही खांदे मातीला टेकवले की तो ‘चितपट’ झाला. पारंपरिक कुस्तीत गुणांची बेरीज नसते. एक तर निकाल लागतो, नाही तर पंच बरोबरी जाहीर करून इनाम वाटून देतात.

जव्हारच्या दसऱ्याच्या फडात उतरणारे मल्ल कोण होते, या प्रश्नाचे उत्तर प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते. पैलवान हा महागडा प्राणी आहे, असे तालमीतले लोक स्वतःच म्हणतात. पहाटे शेकड्यांनी जोर आणि बैठका, त्यानंतर मातीतला सराव, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत असा ज्याचा दिवस असतो त्याला शेतावर कामाला जाता येत नाही, आणि त्याच्या ‘खुराका’त, म्हणजे नेमून दिलेल्या आहारात, दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण यांचा रोजचा मोठा वाटा असतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या बागायती गावांत म्हशी होत्या, शेतात दोन पिके होती आणि चार-पाच भावांपैकी एकाला तालमीत सोडण्याइतका कुटुंबाचा पसारा होता. जव्हार-मोखाड्यात यांपैकी काहीच नव्हते. या पट्ट्यातील डांगी जनावर अतिपावसात, चिखलात आणि चढउतारावर टिकून ओढकाम करण्यासाठी प्रसिद्ध आहे, दुधासाठी नव्हे. पावसाळा संपतासंपता घरातले धान्य आटत जाते आणि नवे भात-नाचणी हाती येईपर्यंतचे दिवस कंदमुळे व रानभाज्यांवर काढणे ही गोष्ट येथे अपवादाची नव्हती. दसरा नेमका याच तंगीच्या शेवटी येतो. अशा ठिकाणी चपळ, काटक आणि दमदार शरीरे हवी तेवढी निपजत होती. तालमीत पोसलेला मल्ल मात्र निपजणे कठीण होते. त्यामुळे जव्हारच्या फडातील मोठ्या इनामाच्या कुस्त्यांसाठी नाशिक, भिवंडी अशा बाजूंच्या तालमींतून मल्ल येत, आणि पाड्यांवरून आलेला समाज तारपा खाली ठेवून त्या कुस्त्यांचा प्रेक्षक होई, असा या प्रथेचा घाट बनला.

सीमेपलीकडे, मोखाड्यात, दरबार नसल्यामुळे दरबारी फडही नव्हता. तेथील सामूहिक सामर्थ्याचे प्रदर्शन बोहाड्यात होई. बोहाडा म्हणजे देवीच्या उत्सवात रात्रभर चालणारी सोंगांची मिरवणूक. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे चढवून गणपतीपासून रावणापर्यंत एकेक सोंग संबळ-पिपाणीच्या तालावर नाचत येते आणि शेवटी देवी महिषासुराचा वध करते. जव्हारमध्येही बोहाडा होतो, त्यामुळे हा भेद पूर्णपणे सीमारेषेवर बसत नाही. परंतु बोहाड्याचा खर्च गाव वर्गणीने करते, सोंगे ठरावीक घराण्यांकडे वंशपरंपरेने असतात आणि त्याला राजाची गरज पडत नाही, ही गोष्ट कुस्तीच्या तुलनेत महत्त्वाची आहे. लोकांनी स्वतःच्या बळावर चालवलेली कला आणि आश्रयदात्याच्या बळावर चालणारी कला यांचे आयुष्य वेगवेगळे असते, हे १९४८ नंतर स्पष्टपणे दिसून आले.

जव्हारच्या छोट्या फडाचा अर्थ नीट कळण्यासाठी कोल्हापूर या मोठ्या आखाड्याकडे पाहिले पाहिजे. शाहू छत्रपतींनी १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि त्याच धर्तीवर खासबाग मैदान उभारले. १९१२ मध्ये तयार झालेल्या या मैदानात हौद्याभोवती उतरत्या पायऱ्यांची अशी मांडणी आहे की हजारो प्रेक्षकांपैकी कोणालाही कुस्ती दिसण्यात अडचण येऊ नये. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींना मिळालेला आश्रय, पंजाबातील नामांकित मल्लांना दिलेली आमंत्रणे आणि पैलवानांची सरकारी खर्चाने चालणारी बडदास्त यांमुळे कोल्हापूर ही कुस्तीची राजधानी झाली. जव्हारने वर्षातून एकदा इनाम दिले. कोल्हापूरने वर्षभर पोसले. इनामामुळे फड भरतो, पोसण्यामुळे पैलवान घडतो, आणि या दोहोंमधील अंतर एका माणसाच्या चरित्रातून जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते आणि पाच मुलांपैकी खाशाबा सर्वांत धाकटे होते. घरातच आखाड्याचे वातावरण असल्यामुळे त्यांना लहान वयात माती लागली, पण त्या काळातील बहुतेक पैलवानांप्रमाणे त्यांचे शिक्षण सुटले नाही. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये ते शिकले, १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना त्यांनी मदत केली आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धा हा त्यांच्या घडणीतला नवा घटक होता. जत्रेच्या फडात वजनाचे बंधन सैल असते आणि थोराड मल्लाला तेथे अधिक भाव असतो. खाशाबा बांध्याने लहान होते, आणि वजनगटांवर आधारलेली आंतरमहाविद्यालयीन कुस्ती नसती तर त्यांच्यासारख्या चणीच्या मल्लाचे गुण मोठ्या इनामापर्यंत पोहोचले असते की नाही याची शंका आहे. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांनी विद्या घोटली. ‘ढाक’ हा त्यांचा हातखंडा डाव होता. प्रतिस्पर्ध्याचे डोके आणि हात बगलेत घट्ट आवळून, त्याच्या अंगाखाली आपली कंबर घालून त्याला एका झटक्यात पुढे फेकायचे, अशी या डावाची रीत असून त्यात ताकदीपेक्षा क्षण ओळखण्याला अधिक महत्त्व असते.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाण्याचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोपर्यंत मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवर, म्हणजे मॅटवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी लढण्याचा अनुभव नव्हता. मातीत पाय रुतवून बळ लावता येते, गादीवर पाय सरकतात. मातीत चितपटीची वाट पाहता येते, गादीवर ठरावीक मिनिटांत पंचांचे मत जिंकावे लागते. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना थोड्या दिवसांत जमेल तेवढे शिकवले, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्या मल्लांना त्यांनी हरवले, इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले, आणि फ्लायवेट गटात त्यांना सहावे स्थान मिळाले. आपल्या मातीतल्या मुलाने पहिल्याच खेपेला एवढी मजल मारावी, हे लोकांना विशेष वाटले. खाशाबांना मात्र आपले काय कमी पडले याचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटला, आणि पुढची चार वर्षे त्यांनी वजनगट बदलून नेमकी त्याचीच तयारी केली.

मधल्या काळात आश्रयाची व्यवस्थाच बदलून गेली होती. जव्हार १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाले, कोल्हापूर १९४९ मध्ये विलीन झाले, आणि पैलवानांना तनखे देणारे खजिने एकापाठोपाठ एक बंद झाले. म्हणून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी खाशाबांच्या पाठीशी संस्थान नव्हते. निवड चाचणीतही त्यांना झगडावे लागले. गुणदानात अन्याय झाल्याची तक्रार त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेली, तेव्हा पुन्हा लढत होऊन त्यांची निवड पक्की झाली. पैशाची जुळणी गावागावांतल्या वर्गणीतून झाली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९४८ चा मल्ल राजाच्या पैशाने गेला होता आणि १९५२ चा तोच मल्ल प्राचार्याच्या कर्जावर गेला, या एका फरकात संस्थानी महाराष्ट्राचा शेवट आणि त्यानंतरची पोकळी दोन्ही दिसतात.

हेलसिंकी येथे बँटमवेट फ्रीस्टाइल गटात त्यांनी कॅनडाचा आद्रियां पोलिकां, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवले. जपानच्या शोहाची इशीने दीर्घ लढतीनंतर त्यांच्यावर मात केली. त्या थकव्यातच, पुरेशी विश्रांती न मिळता, त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्ध उतरावे लागले, आणि नियमाचा आधार घेऊन हरकत घेणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, आणि त्यांचे नाव आता क्वचितच कोणी घेते.

इशीविषयी थोडे विषयांतर येथे अस्थानी ठरणार नाही. तो मुळात जूडो शिकलेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्यातील जपानमध्ये जूडोवर बंदी आल्यामुळे तो कुस्तीकडे वळला. जूडो ही जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सू विद्येला शिस्त लावून घडवलेली शाखा होय. कानोंच्याच परंपरेतला मित्सुयो माएदा हा मल्ल देशोदेशी कुस्त्या मारत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला, तेथे गास्ताओं ग्रेसी या व्यावसायिकाशी त्याचा स्नेह जुळला आणि गास्ताओंचा मुलगा कार्लोस त्याचा शिष्य झाला. कार्लोसने १९२५ मध्ये रिओ द जानेरो येथे आपली शाळा उघडली आणि त्याचा धाकटा भाऊ एलिओ याने हलक्या अंगाच्या माणसालाही जमिनीवर पाठ टेकून लढता येईल अशी पद्धत विकसित केली. आज जगभर ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणून ओळखला जाणारा प्रकार तो हाच. त्यात चितपट होणे म्हणजे पराभव नव्हे; पाठीवर पडलेला लढवय्या पायांनी प्रतिस्पर्ध्याला अडकवून सांधा पिरगाळू शकतो किंवा गळ्याला फास लावू शकतो, आणि समोरच्याने हात आपटून हार मानली की लढत संपते. मराठी कुस्तीगिराला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या परंपरेतही कुस्तीचे भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी असे चार प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात ताकद, दुसऱ्यात डावपेच, तिसऱ्यात प्रतिस्पर्ध्याला जखडून शरण आणणे आणि चौथ्यात अवयव मोडणे यांवर भर असतो. राजासमोरच्या फडात पहिले दोन टिकले आणि शेवटचे दोन मागे पडले, याचे एक कारण बहुधा हे असावे की दरबाराला आपला पोसलेला मल्ल पुढच्या दसऱ्यालाही धडधाकट हवा होता. ब्राझीलमध्ये विद्या जगवली ती एका कुटुंबाने चालवलेल्या शाळेने आणि तिच्या फीने. आश्रयाचा प्रकार बदलला की विद्येचे अंगही बदलते, एवढेच यातून घ्यायचे. जपानी विद्या श्रेष्ठ की भारतीय, हा वाद निष्फळ आहे.

खाशाबा पदक घेऊन परतले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी केलेली गोष्ट त्यांच्या चरित्रात पदकाच्या बरोबरीने नोंदवली जाते आणि ते योग्यच आहे: कोल्हापुरात कुस्त्या भरवून, स्वतः लढून, त्यातून आलेल्या पैशाने त्यांनी प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवले. १९५५ मध्ये ते मुंबई पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले, जवळजवळ तीन दशकांच्या नोकरीनंतर १९८३ मध्ये सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी कऱ्हाडजवळ रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत मशाल नेणाऱ्यांमध्ये त्यांचा समावेश होता. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव २०१० मध्ये मिळाले. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळवून दिले, आणि कुस्तीतले दुसरे पदक यायला २००८ उजाडावे लागले. शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन ठरवला तो अगदी अलीकडे.

विलीनीकरणानंतर मराठी कुस्तीला नवा आश्रय मिळाला, पण तो सगळीकडे सारखा पोहोचला नाही. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, १९६१ मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा सुरू झाली आणि साखर कारखाने, सहकारी बँका व पोलिस-रेल्वे यांसारखी खाती ही पैलवानांची नवी अन्नदाती ठरली. या आश्रयदात्यांचा नकाशा पाहिला तर तो उसाच्या आणि बागायतीच्या नकाशाशी बराच जुळतो. जव्हार-मोखाड्यात साखर कारखाना नव्हता आणि मोठी बँक नव्हती. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे हे दुसऱ्या महायुद्धात वायुदलात काम केलेले, पुढे खासदार झालेले गृहस्थ होते. त्यांनी दसऱ्याचा मान राखला, परंतु खजिना सरकारजमा झालेल्या घराण्याने मल्ल पोसावेत ही अपेक्षाच चुकीची ठरली असती. दसरा हळूहळू दरबाराकडून नगरपालिकेकडे आणि गावकऱ्यांच्या वर्गणीकडे आला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या जव्हार नगरपालिकेसारख्या जुन्या संस्थेमुळे हे संक्रमण सोपे गेले असावे, आणि दसऱ्याला जोडून कुस्त्यांचा फड भरवण्याची प्रथा तेथे टिकून राहिली. बदल झाला तो अर्थाचा: राजाची साक्ष गेली, गावाचा उत्सव राहिला. बोहाड्याच्या बाबतीत मात्र असे काही घडले नाही, कारण त्याचा यजमान आधीपासून गावच होता.

खुराकाचा मूळ प्रश्न तसाच राहिला, किंबहुना उघडा पडला. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंनी या तालुक्याचे नाव देशभर कुपोषणाशी जोडले गेले, मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांची धावपळ झाली, आणि जव्हारला प्रशासकीय सोयी वाढल्या. ज्या पट्ट्यात मुलाच्या ताटात पुरेसे अन्न नाही तेथे तालीम का निघाली नाही, असे विचारणे क्रूरपणाचे होईल. याच डोंगररांगेच्या पलीकडे, मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी गावातून कविता राऊत ही धावपटू पुढे आली आणि तिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्य पदक मिळवले, ही गोष्ट योगायोगाची नाही. पळण्याच्या शर्यतीत हलके, काटक शरीर हे भांडवल असते आणि चढउताराची वाट हे मैदान असते; कुस्तीत शरीर आधी वाढवावे लागते, मग शिकवावे लागते.

असे असले तरी खाशाबांचे उदाहरण या प्रदेशाला गैरलागू नाही. ते धिप्पाड नव्हते, वजनगटांच्या कुस्तीत वाढले, आणि त्यांना जत्रेच्या इनामाने नव्हे तर शाळा-महाविद्यालयाने पुढे आणले. वजनगट असलेली कुस्ती, जूडो आणि अलीकडे मुंबई-पुण्यात शिकवले जाणारे जिउ-जित्सू हे तिन्ही प्रकार हलक्या चणीच्या मुलामुलींना जागा देतात, आणि जव्हार-मोखाड्यात अशा मुलांना वर्षातले बरेच महिने एका छताखाली ठेवणारी, दोन वेळचे जेवण देणारी एकच व्यवस्था आहे ती म्हणजे शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा. दसऱ्याच्या फडातल्या इनामाची रक्कम वाढवून बाहेरचे मोठे मल्ल येतील. येथला मल्ल हवा असेल तर गादी, वस्ताद आणि दुधाचा पेला यांची सोय आश्रमशाळेतच करावी लागेल, आणि त्या खर्चाची तरतूद आदिवासी विकास विभागाच्या अंदाजपत्रकात व्हायला हवी.